हवा? हवी.

चष्मेवाल्याचा इलेक्ट्रिक पंप शेवटी तळ्यात पडला. बदकांनी त्याला दोनतीनदा चोच मारून पाहिली आणि ही खायची वस्तू नव्हे असा निकाल दिला.

पण असं काही घडलेलंच नाही. तळं, बदकं, निकाल, सगळं विसरा. पंप आत्ता खोक्यात आहे, खोकं जेवणाच्या टेबलावर आहे आणि टेबलापलीकडे भावोजी बसलेत. चेहरा असा, की पंप जणू त्यांच्याच पोटी जन्माला आलाय.

"बटण दाबायचं आणि चहा प्यायचा," भावोजी म्हणाले. "चहा संपायच्या आत चाक टणक. हवेचं माप आकड्यात दिसतं. माप भरलं की आपोआप बंद. घाम नाही, धाप नाही. मेहुणे, तुमच्यासाठी खास आणलाय."

"आणि वाटेत चार्जिंग संपलं तर?"

"वाटेत कशाला संपेल? अशुभ बोलू नका."

चष्मेवाल्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, भाजी चिरता चिरता म्हणाली, "रोज सकाळी उठून त्या सायकलच्या दुकानात हवा भरायला जातोस. चाकाला रोज हवा लागते का रे? चाक आहे की तान्हं बाळ?"

चष्मेवाल्याने खोक्याचं झाकण उगाच उघडून पाहिलं, कारण चाकाला रोज हवा लागतच नव्हती. रोज संध्याकाळी काम संपवून निघताना तो स्वतःच व्हॉल्व्हच्या टोकावर नख दाबायचा. फुस्स. चाक हळूच मान टाकायचं, आणि उद्या सकाळची सोय व्हायची.

सकाळची सोय अशी. त्याच्या कामाच्या वाटेवर, वळणावरच्या जिन्याखाली, सायकलवालीचं दुकान होतं. दुकान एवढं बुटकं, की उभं राहायचं तर बाहेर यावं लागे. दारात पाण्याने भरलेलं घमेलं, भिंतीला लटकलेल्या ट्यूबा, आणि सायकलवालीचा पायाने दाबायचा पंप, जो दर दाबाला म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. त्या वेळी जिन्याच्या पायऱ्यांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली यायचं आणि घमेल्यातल्या पाण्यावरून तिच्या हनुवटीवर हलत राहायचं. चष्मेवाला दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासायचा. ही एक जागा त्याला कुठल्याच काचेशिवाय स्पष्ट दिसायची.

ती विचारायची, "चष्मे, हवा?"

तो म्हणायचा, "हवी."

एवढंच. बाकी बोलणं म्हाताऱ्या पंपाचं.

पुढे सरकायला एक मोठी अडचण होती. अख्खी गल्ली सायकलवालीला ताई म्हणायची. शाळेतली पोरं ताई म्हणायची ते ठीक, पण बेकरीवाले आजोबा, ज्यांच्या तोंडात एक दात आणि डोक्यावर तेवढेच केस, तेही "ताई, ब्रेक बघ गं" म्हणायचे. चष्मेवाल्याने मात्र आजवर तिला एकदाही हाक मारली नव्हती. तो "अहो" म्हणायचा, "ऐका ना" म्हणायचा, फारच निकड असली तर खोकायचा. ताई घरात एक आहे, ती पुरे, असं त्याचं ठाम मत होतं. एकदा तो शब्द तोंडातून निसटला, की भाऊ म्हणून जन्मभर टायर बदलून घेत बसावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भावोजींनी पंप नुसता दिला नाही. सीटखाली घट्ट आवळून, दोन्ही चाकांना कायमच्या नळ्या जोडूनच ते चहाला बसले.

दुसऱ्या सकाळी चष्मेवाला टणक चाकांवरून दुकानासमोर आला. सायकलवाली उठून बाहेर आली. तिने चाकाकडे पाहिलं, सीटखाली पाहिलं.

"यंत्र घेतलंत," ती म्हणाली.

"भावोजींनी दिलंय. बरं असतं का हो ते?"

"चांगलं असतं की. जोर लागत नाही, वेळ वाचतो." ती घमेल्याशी परत बसली. "वाचलेल्या वेळाचं काय करणार?"

चष्मेवाला खोकला आणि निघून गेला. त्या दिवशी तो कामावर इतक्या लवकर पोचला, की कुलूपसुद्धा झोपेत होतं.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखं नख दाबलं. फुस्स. सीटखाली पंप गुरगुरला, घर्रर्र, आणि चाक पुन्हा टणक. हवा कमी झाली की पंप आपोआप सुरू होतो, हे माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं. लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून ज्याचं पोट चालायचं, त्यानेच ती वाचली नव्हती.

त्याने पुन्हा दाबलं. पंपाने पुन्हा भरलं. फुस्स, घर्रर्र, फुस्स, घर्रर्र. काही दिवस हेच चाललं. पंप मानी निघाला. एका धुकट सकाळी, दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर चष्मेवाल्याने चिडून नख दाबूनच ठेवलं, तेव्हा पंपाने माप सोडलं, लाज सोडली आणि हवा भरतच सुटला. नख सरकलं. चाकं भोपळ्यासारखी फुगली. चष्मेवाला घाबरून सीटवर बसला, आणि सायकलने जमीन सोडली.

ती घाईघाईने उडाली नाही. दुधावर साय धरावी तशी सावकाश वर आली. चष्मेवाला पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोरून गेला. खिडकीतल्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"माझा चष्मा झाला का हो?"

"उद्या देतो," चष्मेवाला म्हणाला.

"उद्या उद्या म्हणून तुम्ही लोकांना नुसतं हवेत ठेवता," बाई म्हणाल्या.

खाली गल्ली धुक्यात विरघळली होती. छपरं होडग्यांसारखी तरंगत होती, गल्लीच्या टोकाचं तळं कुणाच्या तरी हातून निसटलेल्या काचेसारखं पडलं होतं. भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते एवढंच, की किती शांत आहे. मग सायकल वळणावर येऊन जिन्याच्या बरोबर वर थांबली. सायकलवाली घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होती. बुडबुड्यांच्या जागी तिला पाण्यात चष्मेवाला दिसला. तिने वर पाहिलं.

"चष्मे, खाली या."

"येता येत नाहीये."

"मग हाक तरी मारायची माणसाने!"

"काय म्हणून मारू?"

एव्हाना लोक जमले होते. बेकरीवाले आजोबा ओरडले, "अरे, ताई म्हण! म्हण, ताई, खाली घे मला! जीभ झिजते का तुझी?"

"ताई म्हण! ताई म्हण!" पोरांनी ताल धरला.

चष्मेवाल्याने ओठ घट्ट मिटले. सायकल आणखी हातभर वर गेली. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता, भीती आता खरोखरची होती, आणि उतरायचा दुसरा रस्ता दिसत नव्हता. तरी त्याने तो गिळला. सायकलवाली हे सगळं मान वर करून पाहत होती. मग, इतक्या दिवसांच्या सवयीने असेल किंवा मुद्दाम असेल, तिने विचारलं,

"चष्मे, हवा?"

"हवीस," चष्मेवाला म्हणाला.

पोरांचा ताल तुटला.

"कुठून तरी गळतंय," बेकरीवाले आजोबा म्हणाले. "शेवटी स्स आला. मी ऐकला."

चष्मेवाल्याने सीटखालचा पंप नळ्यांसकट ओढून काढला आणि होता नव्हता तो जोर लावून भिरकावला. तो कुठे पडला हे आपण ठरल्याप्रमाणे विसरलो आहोत. वजन टाकल्यावर माणूस आणखी वर जायला हवा, हे भावोजींनी नंतर कागदावर आकृती काढून सिद्ध केलं. पण त्या वेळी चष्मेवाल्याला ते माहीत नसल्यामुळे तो खाली आला. सावकाश, पिसासारखा, घमेल्याच्या शेजारी.

सायकलवालीने दोन्ही ट्यूबा बाहेर काढल्या आणि वीतवीत पाण्यात बुडवून तपासल्या. एकही बुडबुडा आला नाही.

"ट्यूबा धड आहेत," ती म्हणाली. "म्हणजे तो स यातून आलेला नाही."

"नाही."

"रोज व्हॉल्व्हच्या टोपणाला काचेची भुकटी असायची. काचा घासणारा गल्लीत एकच आहे." तिने ओला हात फडक्याला पुसला. "मी कधी काही बोलले?"

"नाही."

"मग आता उभा काय राहिलास? पंपावर पाय दे. आज तू भर."

तुम्हीचं तू कधी झालं, हे म्हाताऱ्या पंपालाही कळलं नाही. तो आपला कण्हत राहिला.

भावोजी अजून विचारतात, पंप कामाचा होता की नाही? चष्मेवाला प्रामाणिकपणे सांगतो, होता. फारच कामाचा होता. पंप गेला त्याच आठवड्यात त्याने आणि सायकलवालीने मिळून पालिकेला एक अर्ज दिला. त्यावर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला आणि तो ज्या कपाटात गेला त्याची किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच सांगता येत नाही. अर्ज असा:

"उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर गल्लीतील सर्व सायकलींच्या चाकांतील हवा दररोज सायंकाळी शासकीय खर्चाने थोडीथोडी कमी करण्यात यावी, तसेच तळ्यातील पंप बदकांच्या ताब्यात कायम ठेवण्यात यावा, व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारांना सकाळच्या वेळी, जिन्याखाली, सावकाश देण्यात यावा."