हराळीखालचा जोड

मी बोलतोय तो सुकन्याच्या न्हाणीतला खांब. पोटात वाळू-सिमेंट भरून मला इथं उभं केलंय, म्हणून खांब म्हणायचं. जन्मानं मी पाईप. आयुष्याची कितीतरी वर्षं मी मातीखाली आडवा पडून होतो आणि माझ्यातून पाणी वाहायचं.

मुखेडच्या बाजारातून मला ट्रॅक्टरवर घालून आणलं, तेव्हा रानाचे मालक शेषेराव स्वतः आमच्या गठ्ठ्यावर बसले होते. ओढ्याकाठच्या विहिरीपासून वरच्या बरड रानापर्यंत चर खणलेला होता. आम्ही सगळे भाऊ एकमेकांच्या तोंडात तोंड घालून त्यात निजलो. शेतातल्या गोठ्याच्या मागच्या भिंतीशी पोचलो आणि जोडायचं सोल्युशन संपलं.

"दादा, उद्या डबा आणतो," मुलगा भागवत म्हणाला.

"उद्या कशाला? आजच माती ओढून मोकळं होऊ."

शेषेरावांनी तुराट्या पेटवल्या आणि माझं तोंड जाळावर धरलं. मी मऊ पडलो. त्यांनी दुसरा पाईप माझ्यात घुसवला आणि मी गार होईपर्यंत कड अंगठ्यानं दाबून धरली. त्यांच्या अंगठ्याचा खळगा माझ्या अंगावर राहून गेला. मग वरून हळदकुंकू पडलं आणि माती पडली. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी हात लावला नाही. पण माया वेगळी आणि जोड वेगळा.

त्याच साली पावसाळ्यात शेषेराव वारले. बांधावर बसले होते, ते उठलेच नाहीत.

हिवाळ्यात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्याकडे गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पिकाभोवती आंबील शिंपडायची आणि मग सगळ्यांनी पंगतीला बसायचं. शेषेरावांच्या मागे कोपीची जागा त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी निवडायची होती. त्या फिरत फिरत गोठ्यामागं आल्या. भोवतालचं गवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि माझ्या डोक्यावर तेवढा हराळीचा हिरवागार तुकडा होता. जोडातून मी ठिबकत होतो ना. बाईंनी त्या हराळीवर हात फिरवला. हात ओला झाला.

"भागवत, बघ रे! तुझ्या दादानं जागा दावली."

मला सांगायचं होतं. पण माझ्या तोंडात पाणी होतं.

तेव्हापासून दरसाल कोप तिथंच. ती मोडली तरी पांडव हलवायचे नाहीत, असं ठरून गेलं. कामं आटोपली की कस्तुराबाई भिंतीला पाठ लावून तिथं बसत आणि नवऱ्याशी बोलत. "हरभरा बरा हाय अवंदा. सून तुमच्यावानी हट्टी निघाली, सांगून ठेवते." खाली मी ऐकत असे. कुणीतरी ऐकतंय, एवढं त्यांचं खरं होतं.

जोड मात्र सैल होत गेला. वरच्या रानात पाणी पोचेना. भागवतनं लाईन बघायला ग्यानोबाला बोलावलं. तो चप्पल काढून माझ्यावरून चालत आला आणि पांडवांपाशी थांबला.

"मालक, दूर कशाला जायचं? हितंच फुटलंय. पाय ठिवला की पचपच करायलंय."

भागवतनं टिकाव उचलला. कस्तुराबाई आडव्या आल्या.

"पांडवाच्या जागी टिकाव घालतूस?"

"माय, ही कृपा न्हाई, पाणी हाय. दादा काय नळ सोडून गेलेत का?"

ग्यानोबा हसला. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्या माझ्यावरच बसून राहिल्या आणि पदर तोंडाला लावला. भागवतनं टिकाव खाली ठेवला.

"येळवस जवळ आलीय. ती होऊ दे, मग उकरतो," तो म्हणाला.

सून सुकन्या मात्र हराळीकडे बघत नसे, ती भिंतीकडे बघे. भिंत मातीची होती. मी आतल्या आत तिचा पाया भिजवत होतो.

"आत्याबाई, भिंतीला लोणा लागलाय. खालून माती गळायलीय. तिथं टेकून बसू नका."

"तुला भिंत दिसती. मला माणूस दिसतंय."

"माणूस गेलं, आत्याबाई. भिंत हाय अजून."

त्या दिवशी सासूनं सुनेच्या हातची भाकर खाल्ली नाही.

येळवस झाली. भज्जी-उंडे खाऊन पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत टिकाव घेऊन आला खरा, पण तेवढ्यात लाईट आली. "आधी हरभरा भिजवून घेतो," म्हणून त्यानं मोटर चालू केली. पाणी जोरात माझ्यात शिरलं. जोड उघडला आणि सगळं पाणी भिंतीखाली धावलं.

कस्तुराबाई नेहमीसारख्या टेकून बसल्या होत्या. सुकन्या आंबिलीचं मडकं न्यायला आली होती. भिंतीतून आधी बारीक माती सांडल्याचा आवाज आला. मडकं टाकून सुकन्या धावली.

"आत्याबाई, उठा!"

तिनं सासूला दंडाला धरून ओढलं, पार हराळीपलीकडे फेकलं. तिचा स्वतःचा पाय मागं राहिला. भिंत त्याच्यावर पडली.

तिला नांदेडला नेलं. घर रिकामं झालं. तेव्हा कस्तुराबाई एकट्या रानात आल्या. त्यांनी पांडव उचलून कडेला ठेवले आणि स्वतः टिकाव घातला. चिखल हातांनी उपसला. मला पुष्कळ काळानं ऊन लागलं. त्यांची बोटं माझ्या अंगावरून फिरत त्या खळग्यात येऊन थांबली.

"ह्यो तुमचाच अंगठा की हो," त्या म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. पदरानं त्यांनी त्या खळग्यातला चिखल पुसून काढला. भागवत परत आला तेव्हा त्याला एकच शब्द बोलल्या, "काप."

त्यानं मला कापून काढलं. आता तिथं नवा तुकडा आहे. वरच्या रानात पाणी पोचतं. हराळी वाळून गेली.

सुकन्याचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नाही. न्हाणीत उठताबसता धरायला काहीतरी हवं होतं. रानातून आणून दारात टाकलेला मी भागवतला दिसलो आणि त्यानं मला उभं पुरलं. सासू पाणी तापवून देते, बादली आणून ठेवते. दोघी फार बोलत नाहीत.

पुन्हा येळवस आलीय. काल कस्तुराबाई म्हणाल्या, "अवंदा कोप घालायची न्हाई."

"घालायची," मला धरून उठत सुकन्या म्हणाली. "कोरड्या जागी. आन् ह्यांना आधी तिथं टिकाव मारून बघू द्या."

सासूनं मान डोलावली.

तुम्ही माझं ऐकताय, म्हणून सांगतो. वाळल्या रानात एकच तुकडा हिरवा दिसला तर हात जोडा. कुणाची आठवण आली तर रडासुद्धा. पण त्याच दिवशी उकरून बघा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

रोज सकाळी सुकन्या मला धरून उभी राहते, तेव्हा तिचा अंगठा त्या खळग्यात बसतो. कुणाचा खळगा ते तिला ठाऊक नाही. कस्तुराबाईंना ठाऊक आहे. म्हणून त्या तेवढा वेळ चुलीकडे बघत राहतात.