मी औषध की पाणी?

तुम्ही मला भरलंत, बूच लावलंत, अंगावर एक आकडा चिकटवलात, आणि मी कोण आहे ते मात्र मला सांगितलं नाहीत. एवढी लपवाछपवी कशासाठी?

मी एक सिरिंज बोलतेय. आधीच भरून ठेवलेली, टोपण घातलेली, बोटभर लांबीची. माझ्या पोटात संधिवातावरचं नवं औषध असेल, नाहीतर नुसतं मिठाचं पाणी. दिसायला दोन्ही सारखीच. नवं औषध खरंच चालतं का, हे तपासायचं तर निम्म्या रुग्णांना औषध द्यायचं, निम्म्यांना पाणी, आणि कोणाला काय मिळालं ते टोचून घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही. कारण नुसत्या आशेनंही माणसाला बरं वाटू लागतं; ती आशा दोन्हीकडे सारखी हवी. हे मला पटतं. पण पटलं म्हणून भीती थोडीच जाते!

मी ज्या घरात आले, तिथली आई शिवणकाम करते. म्हणजे करायची. तिच्या शरीराचे राखणदारच तिच्या सांध्यांना चोर समजून झोडपतात. डॉक्टर त्याला दाह म्हणतात. सकाळी तिच्या मुठी वळत नाहीत. वेणी लेक घालून देते, डब्याचं झाकण नवरा उघडतो. माझ्या आधीच्या बहिणी टोचून झाल्यावर मात्र तिनं एके दिवशी स्वतः सुईत दोरा ओवला. घरानं टाळ्या वाजवल्या. फ्रिजच्या दारामागून मी ते ऐकलं आणि धसकले. तिच्या वाट्याला येणाऱ्या आम्ही सगळ्या एकाच जातीच्या. त्या पाणी असतील, तर मीही पाणीच. मग आशेवर उघडलेली ही बोटं किती दिवस उघडी राहणार?

एका दुपारी नवऱ्यानं फ्रिज उघडला. "एवढं भारी औषध, आणि दुधाच्या भांड्याला टेकून?" असं पुटपुटत त्यानं मला उचललं आणि मोठ्या मायेनं बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठवू नका, असं माझ्या खोक्यावर छापलंय. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत!

आत काळोख. शेजारी गोठलेले वाटाणे. माझं पोट हळूहळू दगड झालं आणि भीतीनं कूस बदलली. माझ्यासारखं औषध गोठलं की त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गुठळ्या होतात. त्या टोचल्या, तर शरीर औषधालाच शत्रू ठरवू शकतं. मग पुढची ताजी सुईही वाया. आजवर मी पाणी नसावं म्हणून झुरत होते. आता पाणीच असावं म्हणून तळमळू लागले.

टोचायचा दिवस उजाडला.

"बाबा, आईची सुई कुठंय?" लेकीनं विचारलं.

"बर्फात. अगदी सुरक्षित."

"बर्फात? बाबा, ती गोठवायची नसते!"

"अगं, वितळली की झाली पूर्वीसारखी. ओरडतेस काय?"

"आई, दवाखान्यातल्या सिस्टरना फोन करते मी."

"नको," आई म्हणाली. "अभ्यासातून काढून टाकतील मला. आत्ता कुठं बोटं वळायला लागलीत गं."

तिनं मला बर्फातून काढून मुठीत धरलं. त्या सुजलेल्या, गरम मुठीत मी वितळले. तिनं मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. "बघ, किती नितळ आहे." तिची बोटं माझ्या टोपणाशी झटू लागली. आई, नितळ दिसतेय म्हणून भुलू नकोस! ओरडायला मला तोंड नाही. आहे ते सुईचं टोक, आणि तेच तुझ्याकडे येतंय.

नवऱ्याचा चेहरा पडला होता. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. माती मी खाल्ली, तुझ्या हातांना शिक्षा कशाला? लाव गं फोन."

"टोचू नका. परत घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. "चुकलं म्हणून कोणी काढत नाही हो. लपवलं असतंत, तर आमचा अभ्यास फसला असता आणि तुमचे हातही."

आता मी दवाखान्यातल्या परतीच्या डब्यात पडून आहे. इथून थेट भट्टी. मी कोण होते, ते मला कळणार नाही. नवी सुई यायला वेळ लागेल, आणि तोवर ती बोटं पुन्हा आखडतील का, या विचारानं मी अजून गार पडते. खोकी छापणाऱ्यांनो, अक्षरं मोठी करा. घरच्यांनो, चूक झाली तर वेळेवर तोंड उघडा. तुम्हाला तोंड आहे.

डब्याचं झाकण लागण्याआधी आईचा आवाज आला. "सिस्टर, मला नुसतं पाणीच मिळत असेल तर हो?"

सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगते, मलाही माहीत नाही."

बाकावर एक वाकड्या बोटांचे आजोबा बसले होते. ते म्हणाले, "मागच्या अभ्यासात मी पाणीवाला निघालो, बाई. माझ्याशी ताडून पाहिलं, म्हणून औषधाचं खरं-खोटं कळलं. बायको मात्र अजून म्हणते, तेवढं पाणी कुंडीत घातलं असतं तर निदान एखादं फूल तरी आलं असतं."