चारच्या बाजूला टिचकी

आमच्या मेपेल या डच गावात कोणी तुमच्या कोटाची तारीफ केली तर आभार मानायचे नसतात. तो किती स्वस्तात पडला ते सांगायचं असतं. समोरच्याचा चेहरा किंचित उतरला, की तारीफ पोहोचली असं समजायचं.

याच पायावर आमचं जुन्या घड्याळांचं मंडळ उभं आहे. नाव ‘अजून चालतंय’. महिन्यातून एकदा आम्ही चर्चमागच्या खोलीत जमतो आणि वापरलेली, टाकलेली, कुणाच्या तरी मेलेल्या काकांची घड्याळं टेबलावर मांडतो. नियम दोनच. घड्याळ दहा युरोंच्या वर गेलेलं नसावं आणि टेबलावर ठेवल्यावर ते चालावं. अध्यक्ष रुल्फीनबाई प्रत्येकाला एक कॉफी आणि एक बिस्कीट देतात, मग डब्याचं झाकण लावतात. वर्षातल्या सगळ्यात स्वस्त शोधाला कप मिळतो. कपही जुन्या बाजारातलाच आहे. त्यावर महिला टेबल टेनिसच्या कुणा विजेतीचं नाव कोरलेलं आहे, आणि ते खोडायला पैसे पडतात म्हणून तसंच ठेवलं आहे.

या कपासाठी हार्म पोस्टमाचा जीव तुटत असे. हार्म विमा कंपनीत, म्हणजे उद्या काय वाईट होईल याचा विचार करायचा पगार घेणारा माणूस. राजाच्या वाढदिवशी सगळं गाव घरातली अडगळ सतरंज्या टाकून रस्त्यावर विकायला बसतं, तेव्हा हार्म उजाडायच्या आत बॅटरी घेऊन हजर. गुडघे टेकून, खेळण्यांच्या ढिगात हात घालून तो घड्याळं शोधायचा. आणि वुबे कोक, टपाल वाटणारा वुबे, भरदुपारी हेरिंग मासा शेपटीला धरून खात खात यायचा, सहज वाकायचा आणि हार्मच्या अर्ध्या किमतीत दुप्पट चांगलं घड्याळ उचलायचा. त्याहून वाईट म्हणजे तो मिरवायचा नाही. “बरंय ना?” एवढंच विचारायचा. मिरवला असता तर हार्मला त्याचा नुसता राग तरी आला असता. न मिरवणाऱ्या माणसाचा हेवा फार खोल जातो. सलग तीन वर्षं कप वुबेच्या फ्रीजवर होता, आणि त्यात तो केळी ठेवतो अशी हार्मची पक्की माहिती होती.

शेवटी हार्मनं जे केलं ते आमच्याकडे दारू पिण्यापेक्षाही जास्त लपवून करावं लागतं. शेजारच्या झ्वोल शहरातल्या एका दुकानातून त्यानं पुरी किंमत मोजून घड्याळ घेतलं. साधं पोलादी, साठीच्या दशकातलं, फिकट गुलाबी तबकडी, सेकंदाचा काटा खाली आपल्या छोट्या वर्तुळात वेगळा फिरणारा. बेत असा होता, की पुढच्या राजाच्या वाढदिवसापर्यंत थांबायचं आणि मग चार युरोला मिळालं म्हणून टेबलावर ठेवायचं. तोवर ते बागेतल्या खोपटात, वाफल्स बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, चिंधीत गुंडाळून राहिलं. सायकलला तेल द्यायच्या निमित्तानं हार्म रोज तिथं जाई, चावी देई, मनगटावर बांधून बसे. मधेच ते थांबायचं. चारच्या आकड्याच्या बाजूला नखानं टिचकी मारली की पुन्हा चालू. हे गुपित जगात फक्त हार्मला ठाऊक होतं, आणि बायकोची एखादी खोड फक्त आपल्यालाच माहीत असावी तसा तो त्यावर खूश होता. त्याच्या सायकलची साखळी त्या काळात तेलानं ठिबकत असे.

खरी बायको आफ्के. तिनं वसंतातली साफसफाई काढली आणि खोपट रिकामं करून खोकीच्या खोकी जुन्या वस्तूंच्या दुकानाला देऊन टाकली. हार्म तेव्हा ऑफिसच्या कामाला आठवडाभर बाहेर होता. परतला तो थेट मंडळाच्या वार्षिक बैठकीला.

हार्मनं आपलं सहा युरोंचं घड्याळ मांडलं. बरं होतं, आणि तोवर मांडलेल्यांत सगळ्यात स्वस्त. मग वुबेनं पिशवीतून वाफल्सचा डबा काढला.

“मी डबा घेतला दोन युरोला,” वुबे म्हणाला, “खिळे ठेवायला. घरी येऊन बघतो तर आत काहीतरी खुळखुळतंय.” त्यानं चिंधी उलगडली. “म्हणजे हे फुकटच म्हणायचं. बरंय ना?”

फुकट. मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. दोघं-तिघं चक्क उभे राहिले. हार्म बसून राहिला. आपल्याच घड्याळाचा हेवा वाटण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

वुबेनं चावी दिली. घड्याळ चाललं आणि थांबलं. हलवलं. चाललं नाही.

रुल्फीनबाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. न चालणारं धरता येणार नाही, मग कप हार्मचा. हार्मला आता काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त कॉफी प्यायची होती.

“टपाल खात्यात यावर एक उपाय आहे,” असं म्हणून वुबेनं घड्याळ टेबलाच्या कडेवर आपटायला हात उचलला.

“आपटू नकोस,” हार्म म्हणाला. “चारच्या बाजूला नखानं टिचकी मार.”

वुबेनं मारली. छोटा काटा निघाला.

“हार्म, तुला कसं रे ठाऊक?” रुल्फीनबाईंनी विचारलं.

या जातीची घड्याळं अशीच असतात, असं हार्म पुटपुटला. वुबेनं तबकडी उजेडात धरली. “कुठली जात? नावसुद्धा नाही यावर.”

मग हार्मनं सांगून टाकलं, घड्याळ माझं आहे, आफ्केनं चुकून देऊन टाकलं असणार. सगळे हळहळले. असं कुणाच्याही घरी होतं. वुबेनं लगेच घड्याळ पुढं सरकवलं. “अरे मग घेऊन जा की. माझा डबा मला पुरे. आणि तसंही, थांबतंय ना सारखं, तीन युरोंच्या वर कोण वेडा देणार?”

हार्म गप्प राहिला असता तर घड्याळ मिळालं होतं, अब्रूही राहिली होती. पण ते ‘तीन’ त्याला सहन झालं नाही.

“एकशेचाळीस,” हार्म म्हणाला.

हार्मचा हात नुकताच बिस्किटाकडे गेला होता. रुल्फीनबाईंनी डब्याचं झाकण लावलं. एकशेचाळीसचं घड्याळ बाळगणाऱ्याचं सहा युरोंचं तरी कसं धरायचं, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. फुकटच्या शोधासाठी कप वुबेला गेला.

“फुकट नको,” हार्म वुबेला म्हणाला आणि त्यानं दोन युरोंचं नाणं टेबलावर ठेवलं. वुबेच्या उपकारात राहण्यापेक्षा ते स्वस्त होतं.

घरी आफ्केनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. छान आहे म्हणाली. कितीला?

“दोन युरो,” हार्म म्हणाला. चार वर्षांत प्रथमच तो आकडा सांगताना त्याची मान ताठ होती.

“कुणाकडून?”

“वुबेकडून. त्यानं दोन युरोला घेतलेल्या आपल्या डब्यात निघालं.”

आफ्केनं बटाटे सोलता सोलता जरा विचार केला. “म्हणजे वुबेला तो डबा फुकटात पडला की रे,” ती म्हणाली.