मैनाच्या तळहातावरची हळद

गडबच्या देवळापुढे त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. साल शहाण्णव. चिमटाबाबा बायकांच्या तळहातावर तीर्थ शिंपडायचा आणि वर चिमूटभर हळद टाकायचा. पिवळी राहिली तर घर निर्मळ, लाल झाली तर बाधा.

"पाताळलोकाशी आपलं डायरेक्ट कनेक्शन आहे. बये, रंग दाखव," असं बाबा गरजला आणि नववीतल्या मैनाचा तळहात लालभडक झाला.

"पोरीची शाळा बंद करा. मंगळवारी उतारा काढू. चांदीचा दिवा लागेल."

मैनाची आई सगुणा तिथेच रडायला लागली.

सोमवारी मैना शाळेत आली ती ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला. ग्रंथालय सांभाळणाऱ्या नमिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हळद लाल कशाने होते, ते शोध," त्या म्हणाल्या. "एका पुस्तकावर थांबू नकोस. लिहिणारा कोण, त्याला कसं कळलं, दुसऱ्या कुणी तपासलंय का, एवढं बघ."

अख्खी नववी कपाटावर तुटून पडली. अमोलच्या हाती आधी कुठल्याशा महाराजांचं पुस्तक लागलं. त्यात लाल हळद म्हणजे भूतच.

"त्यांना कसं कळलं?" मैनाने विचारलं.

अमोलने पान उलटलं. "स्वप्नात."

पुस्तक बाजूला गेलं. विज्ञानाच्या पुस्तकात निघालं की आम्लारी, म्हणजे चुन्यासारखा पदार्थ, लागला तर हळद लाल होते. गृहउद्योगाच्या पुस्तकात तर हळद आणि चुन्यापासून कुंकू करायची कृतीच होती. तरी मैनाचं समाधान होईना. मग वर्गातल्या भूमिकाने पानाचा चुना आणला, पाण्यात ढवळून वरची निवळी घेतली. थोड्याच वेळात सगळ्या वर्गाचे, बाईंचे, शिपाई दिनानाथकाकांचेसुद्धा हात लाल. हसून हसून पोटं दुखली. रात्री मैनाने घरी आईचाही हात तसाच लाल करून दाखवला.

मंगळवारी मैना बाबासमोर बसली. तीर्थाचा एक तांब्या पुढे होता, दुसरा बाबाच्या शालीमागे.

"मला पुढच्यातलं तीर्थ द्या," ती म्हणाली.

"बाधा झालेल्याला ते चालत नाही."

"मग मागच्यातलं तुम्ही घ्या."

बाबा हात मागे घेतोय तोवर सगुणाने शालीमागचा तांब्या उचलला आणि त्याच्या तळहातावर ओतला. मैनाने हळद टाकली. हात लाल.

"बाबालाच बाधा हाय गो," गर्दीतली धोंडुबाई म्हणाली आणि देवळापुढे हशा उसळला. बाबाने चिमटा तिथेच टाकून हायवे गाठला.

"मागच्या तांब्यात चुन्याची निवळी हाय," मैना सांगत होती. "पण बाबाचं ऐकलंत तसं माझंही नुसतं ऐकू नका. चुना घरात हाय, हळद घरात हाय. आधी करून बघा, मग माना."