कोपरा वाया शून्य

आखणीची सुई बाबांच्या खिशातून निघाली की आपल्या खिशात येणार, हे थोरलीने धरूनच ठेवलं होतं. पंधरा वर्षं ती बाबांच्या पत्र्याच्या कारखान्यात राबत होती. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, दोन मोठ्या कात्र्या, पत्रा वाकवायचं यंत्र आणि मधोमध आखणीचं टेबल. पत्र्यावर रेघ मारायची सुई ज्याच्या हातात, त्याच्या शब्दावर बाकीचे हात चालायचे. बाबांना हल्ली ती रेघ नीट दिसत नव्हती. एकदा त्यांनी पिंपाचं झाकण पिंपापेक्षा लहान आखलं आणि कामगारांनी तोंडातून ब्र न काढता ते बाजूला ठेवलं. त्या दिवशी बाबा म्हणाले, "ही सुई आता देऊन टाकतो." कुणाला, ते बोलले नाहीत. थोरलीला विचारायचीही गरज वाटली नाही.

आणि मग धाकटी आली. कॉलेजात गणित शिकवायची नोकरी सोडून, दोन बॅगा घेऊन, कायमची.

त्याच आठवड्यात साठ पिंपांचं काम आलं. धान्य ठेवायची गोल पिंपं, झाकणाची, कान आणि पाय लावलेली. धान्य ठरलेलं तेवढं मावलं पाहिजे, बाकी उंची-रुंदी तुमची तुम्ही ठरवा, असं गिऱ्हाईक सांगून गेलं. थोरलीचं माप तयार होतं. रुंदीपेक्षा उंची चतकोर जास्त. किती पिंपं बिघडवून ती या मापावर आली होती, ते तिचं तिला माहीत.

"एवढं उंच कशाला?" धाकटी म्हणाली आणि टेबलावरच खडूने मांडायला बसली. "पिंप बारीक केलं की अंगाला पत्रा जास्त लागतो. रुंद केलं की तळ आणि झाकण पत्रा खातात. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे खर्च उतरायचा थांबलेला असतो आणि चढायला लागलेला नसतो. विकलन करून शून्याबरोबर मांडलं की ती जागा सापडते."

"विकलन?" थोरली म्हणाली. "अगं, अजून विकलं कुठे, आधी बनू तर दे."

कामगार हसले. धाकटीही हसली. बाबा मात्र हसले नाहीत. खडूच्या अक्षरांवर नाक टेकेल इतके वाकून त्यांनी विचारलं, "उंची रुंदीइतकीच? हे कसं काढलंस?"

कसं काढलंस. थोरलीच्या काळजात ते दोन शब्द कुसळासारखे रुतले. पंधरा वर्षांत बाबांनी तिला 'झालं का' विचारलं होतं, 'किती झाले' विचारलं होतं. कसं काढलंस, असं एकदाही विचारलं नव्हतं. आणि ही कालची आलेली पोरगी, जिचे हात अजून एकदाही पत्र्याने कापले नव्हते, तिच्यापुढे बाबा शाळेतल्या मुलासारखे उभे होते. थोरलीला हेवा वाटला. साधासुधा नाही, जेवण न जाण्याइतका वाटला.

बाबांनीच तोड काढली. "नमुन्याची पाच-पाच पिंपं करा दोघी. जिला पत्रा कमी लागेल, तिच्या मापाने बाकीची. सुईही तिलाच."

धाकटीच्या गणितात एक भोक होतं, ते थोरलीला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गोल तळ काही पत्र्यातून गोल उगवत नाही. चौकोन घ्यावा लागतो आणि चार कोपरे उरतात. झाकणाचे आणखी चार. धाकटीने वर्तुळाचं क्षेत्रफळ धरलं होतं, कोपरे धरलेच नव्हते. सांगावं का, असं क्षणभर थोरलीच्या मनात आलं. मग 'कसं काढलंस' आठवलं आणि तिने तोंड मिटून घेतलं.

पण धाकटी कोपरे टाकत नव्हती. कापलेला प्रत्येक कोपरा ती टेबलाखालच्या खोक्यात ठेवत होती. तिसऱ्या दिवशी थोरलीने तिला कोपऱ्यावर पिंपाचा पाय आखताना पाहिलं. थोरली स्वतः कोपऱ्यांतून कान, कडी आणि झाकणाची मूठ काढायची. पाय मात्र तिच्या कोपऱ्यात कधीच बसत नसत, अर्धं बोट कमी पडायचं, म्हणून पायांना नवा पत्रा लागायचा आणि उरलेले कोपरे ती डागडुजीसाठी साठवून ठेवायची. धाकटीचं पिंप रुंद, त्यामुळे कोपराही मोठा. त्यात पाय बसत होता. आठ कोपरे आणि आठ तुकडे: चार पाय, दोन कान, एक कडी, एक मूठ. नखाएवढा पत्राही वाया जाणार नव्हता.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा थोरली मागे राहिली. भंगाराची गाडी दारात उभी होती. तिने धाकटीचं खोकं उचललं, चाळीसच्या चाळीस कोपरे गाडीत ओतले आणि रिकामं खोकं होतं तिथे ठेवून दिलं. तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले आणि जेवायला गेली.

"ताई, माझे कोपरे?" धाकटीने संध्याकाळी विचारलं.

"भंगारात गेले वाटतं," थोरली म्हणाली. "इथे खाली पडलेलं सगळं भंगारातच जातं."

धाकटीने काही कटकट केली नाही. नवा पत्रा घेतला आणि चाळीस तुकडे कापले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मोजणी केली. थोरलीला साडेनऊ पत्रे लागले होते, धाकटीला दहा. बाबांनी खिशातून सुई काढली, तिची पितळी मूठ सदऱ्याला पुसली आणि थोरलीच्या हातावर ठेवली. मूठ अजून त्यांच्या अंगाने कोमट होती. हाच क्षण थोरली वर्षभर मनात घोळवत आली होती. तिने धाकटीकडे पाहिलं. पडलेला चेहरा तिला पाहायचाच होता.

धाकटीचा चेहरा पडलेला नव्हता. वही उघडून, भुवया आवळून ती स्वतःचीच चूक शोधत होती.

"गणित बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "मी दोन्ही गणितं करून पाहिली होती, कोपरे धरून आणि न धरता. कोपरे फेकून द्यायचे असतील तर ताईचंच माप निघतं. उंची रुंदीपेक्षा चतकोर जास्त, अगदी तेवढीच. मला ते काढायला दोन पानं लागली. हिने नुसत्या हाताने कसं काढलं, देव जाणे."

थोरलीच्या मुठीत सुई होती. ती घट्ट आवळली गेली.

"मग तू उंची कमी का धरलीस?" बाबांनी विचारलं.

"इथे चुकले." धाकटीने ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. "कोपरा वाया शून्य. ताई कोपरा टाकत नाही." मग जरा ओशाळून म्हणाली, "लहानपणापासून बघत आले ना. ती नखाएवढा पत्रासुद्धा टाकायची नाही. तेच धरून मांडलं. पण कारखाना काही तिच्या एकटीवर चालत नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं." तिने पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडायला हात पुढे केला.

"खोडू नकोस," थोरली म्हणाली.

आवाज इतका घोगरा होता की कात्रीवरच्या माणसानेही मान वळवली.

"बरोबर आहे ते. मी कोपरा टाकत नाही. तुझे टाकले. काल, जेवायच्या सुट्टीत, या हातांनी."

धाकटीची पेन्सिल तशीच वहीवर टेकलेली राहिली. बाबा थोरलीकडे वळले. मग म्हणाले, "का?"

"तुम्ही हिला विचारलंत, कसं काढलंस म्हणून." थोरलीला वाटलं होतं हे बोलताना रडू येईल, पण रागच आला. "मला कधी विचारलंत?"

तिने सुई टेबलावर ठेवली. बाबांना ती दिसली नसावी. त्यांनी टेबल चाचपलं, सुई सापडल्यावर उचलली आणि दोघींपैकी कुणालाही न देता हातात धरून उभे राहिले.

"पिंपं हिच्या मापाने होतील," शेवटी ते म्हणाले. "आखायचं तू. आणि प्रत्येक पिंपाचे आठ कोपरे मोजून हिच्या हातात द्यायचे."

सुई पुन्हा थोरलीच्या हातावर आली. यावेळी बाबांनी मूठ पुसली नव्हती.

थोरलीने नवा पत्रा टेबलावर ओढला. जळणं काही एका दिवसात विझत नाही, अजूनही धाकटीची ती वही तिच्या डोळ्यांत खुपत होती. तिने पहिला तळ आखला, कापला. झाकण कापलं. मग कोपरे एकेक करून धाकटीच्या हातावर ठेवले, आणि कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजले. धाकटीने आठवा कोपरा हातात घेतला, पण खोक्यात टाकला नाही.

"ताई," ती म्हणाली, "ते चतकोर कसं काढलंस, सांग ना."

थोरली टेबलावर वाकलेलीच राहिली. सांगायला तिच्याजवळ पंधरा वर्षं होती, पण हा प्रश्न तिला दुसऱ्याच तोंडून ऐकायचा होता. टेबलापलीकडे बाबा उभे होते. त्यांनी स्टूल ओढलं, जवळ येऊन बसले आणि ऐकायला मान पुढे केली.