कॉलरमधला माइक

धाकट्या बहिणीच्या सिनेमाचा आवाज रेकॉर्ड करायला मी गेले ते आईच्या हट्टापायी. "कान मशीनला दे, पण डोळे तिच्यावर ठेव," आईनं बजावलं होतं. गेले काही महिने आमची ठकी नीट जेवत नव्हती, झोपत नव्हती, आणि विचारलं की "काही नाही गं" म्हणून हसायची. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरायचं. काय होतंय ते एकदा तिच्या तोंडून निघू दे, एवढंच मला हवं होतं.

सिनेमा छोटासा, भुताचा. गोष्ट तिनंच लिहिलेली, कामही तिचंच. एका मुलीच्या खोलीत तिच्याच चेहऱ्याची दुसरी एक राहायला येते. त्रास काही देत नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसून नुसती बोलत राहते. शेवटी मुलगी उठते, दार उघडून तिच्यामागून जाते, आणि खोली रिकामी राहते.

"शेवट बदल की," मी म्हटलं होतं.

"दुसरा सुचतच नाही गं ताई."

भर दुपार होती, पण खिडक्यांना निळा कागद चिकटवला होता आणि शूटिंगसाठी सोडलेला धूर जमिनीलगत पसरला होता. कपाट, आरसा, पलंग सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसत होतं. पंखा बंद. माणसं पायमोजे घालून वावरत होती. मला जांभई येत होती आणि भीतीही वाटत होती.

"अॅक्शन!" दिग्दर्शक म्हणाला. हा तिचा कॉलेजातला मित्र, धड मिसरूड फुटलेलं नाही, पण रुबाब केवढा!

ठकी पलंगावर बसली. तिचे ओठ हलू लागले. तिथं संवाद नव्हता, नुसते ओठ दिसायचे होते. पण तिच्या कॉलरमध्ये माझा माइक होता, शेंगदाण्याएवढा. हेडफोनमध्ये मला ऐकू आलं, "ऊठ. तू नसलीस तर कुणाचं काही अडणार नाही. आई सुटेल. ताईसुद्धा सुटेल." आवाज ठकीचाच, पण बाळाला थोपटताना काढावा तसा मायेचा. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. तरी म्हटलं, अभिनय असेल.

"कट! काय केलंस यार, काटा आला अंगावर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठकी हसली, पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला, आणि माझ्या कानात तोच आवाज पुन्हा सुरू झाला. "ऊठ. चल आता."

"आता दाराचा शॉट!" दिग्दर्शक ओरडला.

मी रेकॉर्डिंगच्या मशीनची पिशवी खांद्याला अडकवून तडक पलंगाकडे निघाले.

"ताई, फ्रेममध्ये येताय तुम्ही!"

"गप रे!"

पलंगाच्या पायथ्याशी मी चांगली ऐसपैस बसले, दुसऱ्या कुणाला तिथं जागाच उरू नये म्हणून.

"ठकी, मला ऐकू येतंय. कट म्हटल्यानंतरचंसुद्धा."

तिचं हसू गेलं. "तुला ती ऐकू येते?"

"येते. एक नंबरची खोटारडी आहे सटवी! म्हणे ताई सुटेल. तिला कुणी विचारलं होतं?" मला आणखी बरंच झापायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच. "तू नसलीस तर मी काय करू गं?"

ठकी रडायला लागली. हुंदके इतके मोठे की हेडफोन फाटतोय असं वाटलं. पण मी तो काढला नाही.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"शॉट राहिलाय."

"खड्ड्यात गेला शॉट."

मी तिच्या कॉलरला हात घातला तशी तिनं माझं मनगट धरलं. "माइक काढू नकोस ताई. तू ऐकत असलीस की ती जरा हळू बोलते."

म्हणून आम्ही तशाच निघालो. ठकीचे ओठ मेकअपनं निळे, माझ्या कानांवर हेडफोन, मागून दिग्दर्शकाची बोंबाबोंब. बाहेरचं ऊन डोळ्यांना खरं वाटेना. माझा हात धरून चालत होती, तरी दर थोड्या वेळानं ती मान खाली घालून कॉलरमध्ये विचारायची, "ताई, आहेस ना?" आणि मी भर रस्त्यात मोठ्यानं "आहे!" म्हणायचे. लोक वळून बघत होते. बघू देत.