दोन गोलकीपरांचा उन्हाळा

हंगामातला शेवटचा सामना संपला त्याच संध्याकाळी चंद्रिका मॅडमनी सगळे चेंडू जाळीच्या पिशवीत भरले, पिशवीचं तोंड आवळलं आणि सामानाच्या खोलीला कुलूप घातलं.

"आता जूनपर्यंत फुटबॉल बंद," त्या म्हणाल्या. "कुणीही चेंडूला पाय लावायचा नाही. आणि पूनम, तू हातसुद्धा लावायचा नाहीस."

मुली हसल्या. पूनम मात्र हिरमुसली. ती गोलकीपर होती. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका गावातून ती सोलापूरला शिकायला आली होती, वसतिगृहात राहायची आणि शाळा सुटली की मैदानावर पळायची. उजव्या खांद्यावर सारख्या उड्या मारून मारून तो खांदा आता केस विंचरतानाही दुखायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण मॅडमना दिसल्याशिवाय राहिलं नव्हतं.

"मॅडम, जूनमध्ये निवड आहे की," ती म्हणाली. "महिनाभर बसून राहिले तर सगळं विसरून जाईन."

"बसून राहा असं कोण म्हणतंय? पहिले काही दिवस झोप, आईच्या हातचं खा. मग पोह, भटक, लगोरी खेळ, झाडावर चढ. काहीही कर, फक्त फुटबॉल नको. शरीराला सुट्टी लागते, डोक्याला त्याहून जास्त लागते."

पूनमनं मान हलवली, पण तिची नजर शिवलीलावर होती.

शिवलीला संघातली दुसरी गोलकीपर. सात रस्त्याला तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. उंच, शांत, आणि हातमोजे इतके स्वच्छ ठेवणारी की पूनमला त्याचाच राग यायचा. दोघींपैकी कोण खेळणार ते मॅडम सामन्याच्या दिवशी सकाळी सांगायच्या. एक गोलात उभी राहायची, दुसरी बाकावर बसायची. दोन वर्षं एकाच संघात असून दोघी एकदाही एकाच वेळी मैदानात उतरल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती.

गावी गेल्यावर पूनम खरोखरच झोपली. उठली की आई, विजयमाला, गरम भाकरी आणि वर लोणी वाढायची. वडील, जोतिराम, मेंढरं घेऊन भल्या सकाळी माळाला जायचे. एक-दोनदा पूनमही त्यांच्याबरोबर गेली. बाभळीच्या सावलीत कोकरं अंगावर घेऊन बसली, आणि खांदा दुखत नाहीये हे तिच्या तिथंच लक्षात आलं.

मग संघाच्या ग्रुपवर शिवलीलाचा व्हिडिओ आला. दुकानाच्या वरच्या गच्चीवर तिनं जुन्या गाद्या अंथरल्या होत्या. चुलतबहीण चेंडू फेकत होती आणि शिवलीला डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झेपावत होती. एकही चेंडू सुटत नव्हता.

हातातली भाकरी तशीच टाकून पूनम घरामागच्या नांगरलेल्या रानात गेली, लहान पोरांचा प्लॅस्टिकचा चेंडू भिंतीवर आपटून त्याच्यामागे उड्या मारायला लागली. ढेकळं टोचली, कोपर सोललं, तरी थांबली नाही. संध्याकाळी तिला हात वर करता येईना.

घाबरून तिनं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. आता ओरडा बसणार म्हणून डोळे मिटून घेतले.

"गावात विहीर आहे का?" मॅडमनी विचारलं.

"हाय की. म्हणजे, आहे."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग खांदा बरा होईपर्यंत नुसती काठावर बस, आणि बरा झाला की शीक. कुणातरी जाणत्या माणसाबरोबर, एकटी नाही. आणि तो ग्रुप बघणं बंद कर."

समोरची पोरगी बूट रोखून धावत आली तरी तिच्या पायात झोकून देणारी पूनम पाण्याला मात्र भयंकर भ्यायची. विहिरीचा काठ दिसला की ती लांबूनच मागं वळायची. हे तिनं चुलतीला, बनाबाईला सांगितलं, तर बनाबाई कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसली.

"गोल अडवतीस म्हनं, आन पान्याला भितीस व्हय? चल, मी हाय."

बनाबाई चाळिशीची, दणकट बाई. कासोटा घट्ट मारायची आणि विहिरीच्या वर, मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यावरून अशी उडी टाकायची की काठावरच्या बायका ओल्या व्हायच्या. कॅनॉलला पाणी सुटल्यानं विहीर चांगली भरलेली होती. खांदा हलका झाल्यावर तिनं पूनमच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि पायऱ्यांवरून तिला हळूच आत सोडलं.

"काकू! सोडू नका! काकू, सोडू नका हं!"

"सोडलंय कवाच. बघ की, तरंगतीयास!"

पूनमनं मागं पाहिलं. काकू खरंच पायरीवर उभी होती आणि ती स्वतः विहिरीच्या मध्यावर होती. तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली ती भीतीची नव्हती. त्या दिवसापासून तिला विहिरीतून बाहेर काढायला आईला हाका माराव्या लागायच्या. डबा सुटला, मग पायरीवरून उडी, मग काठावरून. पाण्यात हात मारून मारून दुखरा खांदा मोकळा झाला आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची. फुटबॉलचं स्वप्नही पडेना.

एका दुपारी शिवलीलाचा फोन आला. तिनं याआधी कधीच फोन केला नव्हता.

"तू काय करतेस गं?" तिनं विचारलं.

"पोहते."

शिवलीलाचा आवाज चिरकला. "मला चेंडू नकोसा झालाय पूनम. रोज गच्चीवर जाते. पहिल्यांदा बरं वाटलं. आता गादी दिसली तरी रडू येतं. पण थांबलं तर तू पुढं जाशील, म्हणून थांबताही येत नाही."

पूनम खाटेवर बसलीच. आपण जिला घाबरून रानात उड्या मारल्या, ती आपल्याला घाबरून गच्चीवर उड्या मारत होती. तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"शिवे, हिकडं ये," ती म्हणाली. "आमच्याकडं बिरोबाची जत्रा आहे. ये की दोन-चार दिवस!"

शिवलीलाचे वडील, मल्लिनाथ, तिला मोटरसायकलवरून घेऊन आले. माळावरची मेंढरं, दारातली कुत्री आणि अंगणातली उघडी चूल बघून त्यांना जरा काळजी वाटली. चहा पिऊन ते मुलीला बाजूला घेऊन कानडीत विचारपूस करायला लागले. एवढ्यात पूनमच्या अंगावर उड्या मारणारं एक कोकरू शिवलीलाच्या ओढणीला लोंबकळलं.

"अप्पा, ना इल्ले इरतीनि!" ती ओरडली. मी इथंच राहणार! मल्लिनाथ हसले आणि एकटेच परत गेले.

शिवलीला शहरातल्या तलावात शिकलेली, छान पोहायची. पण तळ न दिसणारी विहीर बघून तीच मागं सरकली. मग काय, पूनमनं तिचा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक, दोन..." तीन म्हणायच्या आत दोघी हवेत होत्या. बनाबाई वरून ओरडत होती आणि त्या नाकातोंडातलं पाणी झटकत खिदळत होत्या.

जत्रेच्या सकाळी गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान चंद्रव्वा धापा टाकत अंगणात आली.

"पूने, दोघीजनी लग्नाला गेल्यात, आजून आल्या न्हाईत. मोडनिंबच्या पोरी येऊन बसल्यात मैदानात. तू खेळ. आन ही तुजी पाव्हनी न्हवं? हिलाबी घे."

"पंच चालवून घेतील का?"

"इचारलंय की. जत्रंला आलेली पाव्हनी गावचीच, म्हनले."

हो म्हणण्याआधी पूनमनं मॅडमना फोन केला. खांदा दुखतो का, हात पूर्ण वर जातो का, झोपताना त्या कुशीवर वळता येतं का, असं सगळं विचारून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "खेळ. खांद्यावर पडू नकोस, आणि दुखलं तर तोंड दाबून खेळत राहू नकोस, बाहेर ये." फोन ठेवता ठेवता त्यांनी घाईनं विचारलं, "सामना किती वाजता आहे गं? मला कळव काय झालं ते!"

मैदान म्हणजे देवळामागची पाणी मारून दाबलेली जमीन. भोवती माणसंच माणसं, झाडांवर पोरं, एका बाजूला मोठे ढोल. मोडनिंबचा संघ तयारीचा होता. त्यांच्यात लाल रिबिनीची एक उंच मुलगी होती. ती चढाईला आली की वाऱ्यासारखी आत शिरायची, कुणालातरी बोट लावायची आणि पकडायच्या आत मध्यरेषेपलीकडं उभी असायची. सुरुवातीला तिनं गावच्या पोरींना नुसतं झाडूनच काढलं. पूनमही बाद झाली, शिवलीलाही झाली. लोक चुकचुकायला लागले.

बाहेर बसल्यावर शिवलीला त्या उंच मुलीकडं टक लावून बघत होती.

"पूनम," ती हळूच म्हणाली, "ती आत येताना खांदा डावीकडं टाकते, पण पाय उजवा टाकते. फॉरवर्ड चेंडू नेतानाही असंच फसवतात की. आपण खांदा बघतो का?"

"नाही. पाय बघतो."

"मग?"

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. पायात झोकून देणं हेच तर त्यांचं काम होतं!

पुन्हा आत आल्यावर दोघी डाव्या कोपऱ्यात शेजारी उभ्या राहिल्या आणि कबड्डीत बांधतात तशी हाताला हात धरून साखळी बांधली. उंच मुलगी आली, तिचा खांदा डावीकडं गेला, आणि त्याच क्षणी पूनम उजव्या घोट्यावर पडली. बचाव करताना चेंडूवर पडावं तशी, दोन्ही हातांनी, पोटाशी घेऊन. शिवलीलानं कंबर धरली. धूळ उडाली, शिट्टी वाजली.

ढोल दणाणले. "पाव्हनीनं धरलं रं! पाव्हनीनं!" झाडावरची पोरं ओरडत होती.

मग सामना फिरला. चंद्रव्वानं चढाईत दोघींना टिपलं. मोडनिंबनं पुन्हा एक मिळवला. गुण सारखे झाले, शेवटची चढाई आली, आणि अर्थातच तीच आली, लाल रिबीनवाली. तिला फक्त एक स्पर्श पुरेसा होता.

शिवलीलानं पूनमचा हात घट्ट दाबला. तळवे घामानं निसटत होते.

उंच मुलगी या वेळी सावध होती. तिनं खांदा हलवलाच नाही. ती सरळ चालत आली, थांबली, मागं वळल्यासारखं केलं आणि एकदम पाय लांबवून पूनमच्या गुडघ्याला लावला. स्पर्श झाला! मोडनिंबचे लोक उठून उभे राहिले. पण पाय परत जायच्या आत पूनमनं त्याला मिठी घातली होती. ती मुलगी जोरदार होती. पूनमला फरफटत तिनं मध्यरेषेकडं ओढलं. तोंडात माती गेली, डोळ्यांपुढं रेषा आली. सुटला, सुटला पाय, असं वाटत असतानाच शिवलीला तिच्यावरून झेपावली, गच्चीवर जशी झेपावायची तशीच, पूर्ण लांब होऊन, आणि त्या मुलीचा रेषेकडं गेलेला हात हवेतल्या हवेत आपल्याकडं ओढून घेतला.

तिघीही खाली पडल्या. बोटं आणि रेषा यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. शिट्टी झाली.

पुढचं पूनमला नीट आठवत नाही. भंडारा उधळला गेला, बनाबाईनं तिला उचललं, चंद्रव्वा रडत होती, आणि ती उंच मुलगी कपडे झटकत येऊन म्हणाली, "तुमी दोघी किती वर्सं एकत्र खेळताय?"

"आज पहिल्यांदाच," शिवलीला म्हणाली.

जूनमध्ये मैदानावर आल्यावर दोघींना चेंडू कधी एकदा हातात येतो असं झालं होतं. पहिला फटका पंजात बसला तेव्हा पूनम मोठ्यानं ओरडली, इतकं बरं वाटलं. खांद्यातून कळ आली नाही. निवडीसाठी मॅडमनी दोघींना दमवून सोडलं आणि दोघींना संघात घेतलं. पहिल्या सामन्यासाठी मात्र त्यांनी शिवलीलाचं नाव घेतलं.

पूनमला लागलं. नाही कसं लागणार? तोंडावर पाणी मारून ती आली, पण बाकावर बसली नाही. गोलामागं उभी राहिली आणि घसा बसेपर्यंत ओरडत राहिली: "शिवे, डावीकडं! पुढं नीघ! शाब्बास!" शिवलीलानं तीन चेंडू असे काढले की समोरचे प्रेक्षकही टाळ्या वाजवायला लागले.

मध्यंतरात मॅडमनी पूनमच्या हातात हातमोजे ठेवले. "आता तू."

शिवलीला घामानं निथळत बाहेर आली, पूनमच्या हातावर हात मारला आणि श्वास आवरत म्हणाली, "सहा नंबरवाली डाव्या पायानं मारते. गोल सोडून लांब उभी राहू नकोस."

"बरं!" म्हणत पूनम गोलाकडं पळत सुटली.